माऊसच्या आवाजाचे निदान

संगणकाच्या माऊसमधून येणारा ‘टिक’ हा आवाज मुळात दोष नव्हे. बटणाखाली बसवलेल्या मायक्रोस्विचमधील, म्हणजे अगदी थोड्या दाबाने आणि अगदी थोड्या अंतरात चालू-बंद होणाऱ्या छोट्या स्विचमधील, धातूची पत्ती एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उलटते तेव्हा तो आवाज होणारच. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला पहिला निर्णय करावा लागतो तो ऐकू येणाऱ्या आवाजांपैकी कोणता रचनेचा आणि कोणता झिजेचा याचा. आवाज बंद कसा करावा हा प्रश्न त्यानंतरचा. हा निर्णय स्क्रू खोलण्यापूर्वी, कानाने आणि बोटाने व्हायला हवा, कारण एकदा कवच उघडले की बटणाचे प्लास्टिक आणि स्विच यांचा संबंध तुटतो आणि ज्या स्थितीत तक्रार उद्भवली ती स्थितीच हाताशी उरत नाही.

असे निदान जेथे विशेष कामी येते त्याचे उदाहरण म्हणून अच्छाड घेऊ. ते पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील, गुजरातच्या सीमेला लागून असलेले गाव. पूर्वी ८ आणि आता ४८ या क्रमांकाने ओळखला जाणारा मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग येथूनच पलीकडे जातो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराची तपासणी संपली, आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल, म्हणजे मालाची आणि वाहनाची माहिती संगणकावर भरून मिळवायचा दाखला, आवश्यक झाला. त्यामुळे सीमेवरच्या व्यवहारातले जे काम पूर्वी कागदावर आणि शिक्क्यावर चाले, ते पडद्यावर आले. वाहतूकदाराचे कार्यालय असो, वजनकाटा असो की ग्रामपंचायतीतले आपले सरकार सेवा केंद्र, अशा ठिकाणी एकच माऊस दिवसभर हातांखाली असतो, डावे बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते, उन्हाळ्यात महामार्गाची धूळ टेबलावर बसते आणि जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कशालाच सोडत नाही. नवा माऊस जवळच्या वापीत सहज मिळतो. पण सुटा स्विच हवा असेल तर शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, वाट धरावी लागते किंवा टपालाने मागवावा लागतो. जो भाग आहे तोच राखण्याची सवय अशा अंतरातून लागते, आणि माऊसच्या बाबतीत ती सवय योग्यच आहे, कारण बिघडलेल्या माऊसमध्ये बहुधा एका स्विचखेरीज काहीही बिघडलेले नसते.

हा आवाज येतो कोठून हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ मध्ये पहिला माऊस बनवला, तो लाकडी कवचाचा होता आणि त्याला एकच बटण होते; ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो जाहीरपणे दाखवला गेला. झटक्याने उलटणाऱ्या पत्तीचा स्विच मात्र त्याहून तीन दशके जुना, १९३२ च्या सुमारास अमेरिकेतील फ्रीपोर्ट या गावी आकाराला आलेला. माऊसचा आवाज अशा रीतीने माऊसहून वयाने मोठा आहे, आणि तो ज्या गुणामुळे निर्माण होतो त्याच गुणासाठी हा स्विच निवडला गेला, ही गोष्ट दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

तो गुण असा. साध्या स्विचमध्ये बोट जितक्या हळू दाबेल तितक्या हळू दोन धातू एकमेकांजवळ येतात, आणि मधल्या काळात संपर्क धड जुळलेला नसतो आणि धड तुटलेलाही नसतो. मायक्रोस्विचमध्ये बेरिलियमयुक्त तांब्यासारख्या लवचीक मिश्रधातूची पातळ पत्ती असते, तिच्या मधोमध कापून काढलेली जीभ वाकवून दाबाखाली अडकवलेली असते, आणि वरून प्लास्टिकची इवलीशी दांडी, जिला कारागीर ‘टोपी’ किंवा ‘बटन’ म्हणतो, पत्तीवर दाब देते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की साठलेला ताण एकदम सुटतो आणि पत्तीचे टोक वरच्या संपर्कबिंदूवरून खालच्या संपर्कबिंदूवर आदळते. बोट कितीही हळू असले तरी हे उलटणे झटक्यानेच होते. डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेसारख्या जत्रांतून मुले जी पत्र्याची टिकटिकी घेतात, तिच्यातही दाबलेला पत्रा असाच एका क्षणी उलटतो. बोट उचलल्यावर पत्ती पुन्हा वर उलटते, म्हणून एका क्लिकमध्ये वस्तुतः दोन आवाज असतात, दाबतानाचा ठळक आणि सोडतानाचा किंचित हलका, आणि अनुभवी कारागीर लक्ष देतो ते दुसऱ्याकडे. पहिल्यात बोटाचे बळ मिसळलेले असते. दुसरा पूर्णपणे पत्तीच्या स्वतःच्या ताणावर होतो, म्हणून पत्ती थकली की आधी तो मऊ पडतो.

यावरून एक निष्कर्ष निघतो, जो माऊस घेऊन येणाऱ्याला सहसा पटत नाही, तरी तो स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे: मोठ्याने वाजणारा स्विच बहुधा निरोगी असतो आणि हळूहळू शांत होत गेलेला स्विच आजारी असतो. खरोखर दोषाचे आवाज वेगळे असतात आणि त्यांची जातही निराळी असते. बटण बाजूने दाबल्यावर करकर येत असेल तर प्लास्टिकचे कवच आपल्या खाचेत घासत आहे. बोट नुसते टेकवताच टकटक होत असेल आणि पुढे थोडे दाबल्यावर खरी टिक येत असेल, तर बटणाच्या आतल्या दांड्याने टोपीवर खड्डा पाडला आहे आणि दोहोंमध्ये पोकळी तयार झाली आहे. खडखड येत असेल तर बिनतारी माऊसमधली बॅटरी किंवा सुटलेला एखादा स्क्रू पाहावा. पोकळीवरचा इलाज सर्वांत सोपा आणि सर्वांत समाधान देणारा आहे: बटणाच्या आतल्या दांड्याखाली, जेथे तो टोपीला टेकतो तेथे, पातळ चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला की पोकळी भरते आणि टकटक थांबते. मात्र पट्टी जाड झाली तर बटण कायमचे दाबलेले राहते, म्हणून एकावेळी एकच पदर लावून माऊस बंद करून पाहावा.

आवाजापेक्षा गंभीर तक्रार आहे ती एका क्लिकच्या दोन होण्याची. फाइल उघडायची नसताना उघडते, ओढून नेलेली वस्तू वाटेतच सुटते, निवडलेला मजकूर अर्ध्यावर तुटतो. आणि ई-वे बिलाच्या पडद्यावर एका ऐवजी दोनदा दाबले जाणे हा केवळ त्रास राहत नाही. याचे कारण समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. धातूचे टोक खाली आदळल्यावर लगेच स्थिर होत नाही, ते अत्यल्प काळ उसळते. माऊसमधील चिप ही उसळी ओळखून काही मिलिसेकंद पुढच्या संकेतांकडे दुर्लक्ष करते. पत्तीचा ताण कमी झाला किंवा संपर्कबिंदूवर मळ आणि धातूच्या संयुगांचा थर साचला की उसळी लांबते, संपर्क तुटत-जुळत राहतो, आणि दुर्लक्षाची मुदत संपल्यावर आलेला संकेत चिप नवे दाबणे म्हणून मोजते. त्यातही एक अडचण रचनेतलीच आहे: मोठ्या प्रवाहाच्या स्विचमध्ये संपर्क जुळताना उडणारी सूक्ष्म ठिणगी हा थर जाळून टाकते, परंतु माऊसच्या स्विचमधून जाणारा प्रवाह फार तर एका मिलिअँपिअरच्या आसपास असतो, आणि एवढ्याने थर भेदला जात नाही. उत्पादक स्विचचे आयुष्य ५० लाख, २ कोटी किंवा ५ कोटी दाबांचे सांगतात, आणि जपानी ओमरॉन कंपनीच्या डी२एफसी मालिकेतील अशा स्विचांचे नाव या व्यवसायात सर्वांच्या तोंडी असते. पण तो आकडा नियंत्रित चाचणीतला आहे, आणि धुळीच्या व दमट खोलीत संपर्कबिंदू त्या आकड्याची वाट पाहत नाहीत. विंडोजमधील डबल क्लिकचा वेग बदलल्याने हा दोष जात नाही, कारण संगणक केवळ दोन दाबांना एक जोडी मानायचे की नाही एवढेच ठरवतो. दुसरा दाब तर आधीच मोजला गेलेला असतो.

माऊस उघडण्याचे स्क्रू बहुतेक वेळा खालच्या निसरड्या पट्ट्यांखाली लपलेले असतात. या पट्ट्या टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या असतात आणि ओढून काढल्या तर वाकतात. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब थोडा वेळ देऊन पातळ पात्याने एका कडेपासून उचलल्या तर त्या पुन्हा चिकटवता येतात. वाकलेली पट्टी टेबलावर खरखर करू लागते, आणि मग दुरुस्त केलेला माऊस आधीपेक्षा अधिक वाजतो.

उघडल्यानंतर तीन मार्ग असतात, आणि त्यांतला कोणता घ्यायचा यातच कारागिराची समज दिसते. पहिला मार्ग टोपीच्या फटीतून संपर्क स्वच्छ करणारे द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून बटण अनेकदा दाबण्याचा. तो सोपा आहे, बहुधा तात्पुरता ठरतो, पण काम अडलेल्या कार्यालयासाठी पुरेसा असतो. महामार्गालगतच्या गॅरेजांत गंज सोडवण्याचा तेलकट फवारा नेहमी हाताशी असतो आणि तोच माऊसमध्येही मारण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्याचा चिकट अंश मागे राहून धूळ धरतो. दुसरा मार्ग स्विचचे झाकण पात्याने उचकटून पत्ती बाहेर काढण्याचा. संपर्कबिंदू अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या जाड कागदाच्या पट्टीने पुसायचे असतात. पॉलिश कागदाने घासले तर वरचा मुलामा जातो आणि दोष थोड्या दिवसांनी अधिक जोमाने परततो. पत्तीची जीभ चिमट्याने किंचित अधिक वाकवली की ताण परत येतो आणि सोडतानाची टिक पुन्हा स्पष्ट ऐकू येते. हे काम अवघड आहे, टोपी हरवते, जीभ खाचेतून निसटते. तरीही ज्याला हा व्यवसाय खरोखर समजून घ्यायचा आहे त्याने ते करून पाहावेच, कारण पत्ती हातात घेतल्याखेरीज आवाजाचे कारण बोटांना कळत नाही.

तिसरा मार्ग स्विच बदलण्याचा, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने तोच योग्य. कारखान्यातील सोल्डर शिसेरहित असते आणि ते २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर कथिल ६० आणि शिसे ४० टक्के असलेले नेहमीचे सोल्डर १९० अंशांच्या आत वितळते. म्हणून जुन्या टाक्यावर आधी थोडे नेहमीचे सोल्डर आणि फ्लक्स, म्हणजे धातूवरचा मळ दूर करून टाका बसवणारा राळयुक्त पदार्थ, द्यावा, आणि मिश्रण वाहू लागले की पंपाने शोषून घ्यावे. स्वस्त माऊसचा बोर्ड कागद व राळ यांचा एकपदरी असतो आणि त्यावरचा तांब्याचा गोल जास्त वेळ तापवल्यास उखडून येतो. स्विचच्या एका पायावर दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ सोल्डरिंग आयर्न ठेवण्याची गरज पडली तर ते काढून थांबावे, जोर लावू नये. स्विचचे तीन पाय असतात: सामाईक, दाबल्यावर जुळणारा आणि न दाबता जुळलेला. यांतला शेवटचा बहुतेक माऊसमध्ये वापरलाच जात नाही, पण दिशा उलटी बसली तर बटण काम करेलच असे नाही.

आवाज नकोच असेल तर टोकाच्या आघाताखाली मऊ रबरासारखा भाग असलेले शांत स्विचही मिळतात, आणि पायांमधले ५.०८ मिलिमीटरचे अंतर तेच असल्यास ते जुन्या जागी बसतात. उंची मात्र आधी ताडून पाहावी. रात्री घरी काम करणाऱ्यासाठी, किंवा एमएस-सीआयटीच्या वर्गासारख्या, अनेक माऊस एकत्र वाजणाऱ्या खोलीसाठी त्यांचा उपयोग खरा आहे. परंतु गजबजलेल्या खिडकीवर, जेथे समोरचा माणूस बोलत असताना नोंद करायची असते, तेथे टिक हाच दाब लागल्याचा पुरावा असतो आणि तो काढून घेणे हिताचे नाही, असे मत या व्यवसायातल्या अनुभवावरून ठामपणे मांडता येते.

सुटा स्विच नसेल तर त्याच माऊसमध्ये तो सापडतो. उजवे बटण डाव्याच्या मानाने फारच कमी दाबले जाते, म्हणून दोन्ही स्विच एकाच जातीचे असल्यास उजवा डावीकडे आणणे ही जुनी आणि निर्दोष युक्ती आहे. चाकाखालचा स्विच मात्र बहुधा वेगळ्या आकाराचा, चौकोनी असतो आणि उपयोगी पडत नाही. मेलेले माऊस भंगारात देण्यापूर्वी त्यांचे उजवे स्विच काढून ठेवावेत. असा जुना स्विच बसवण्याआधी मल्टिमीटर रोध मोजण्याच्या स्थितीत लावून सामाईक आणि जुळणाऱ्या पायांवर टेकवावा, टोपी अगदी हळू दाबत न्यावी आणि हळूच सोडावी. आकडा प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी, एका झटक्यात शून्याजवळ उतरला तर स्विच घ्यावा. तो थरथरला किंवा मधल्या किमतींवर रेंगाळला तर टिक कितीही खणखणीत असली तरी तो बाजूला ठेवावा.