इश्यू

इंग्रजी भाषा मोठी काटकसरी. एकाच शब्दावर चार संसार चालवते. 'इश्यू' घ्या. मूळ अर्थ, बाहेर पडणं. आमच्या बँकेतून ड्राफ्ट बाहेर पडतो तो इश्यू, कंपनीचे शेअर्स बाजारात येतात तो इश्यू, मासिक निघतं तो इश्यू, आणि कायद्याच्या कागदात पोटची पोरंही इश्यूच!

आपली मराठीही काही कमी नाही म्हणा. अंक म्हणजे आकडा, नाटकाचा भाग आणि मांडीसुद्धा. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी अंक लागतोच.

आमच्या शाखेत पेन्शनला एक मास्तर येत. त्यांचा माहितीचा फॉर्म भरताना मी विचारलं, "मास्तर, इश्यू किती?"

"एकतीस. दर दिवाळीला एक."

माझं पेन थांबलं.

"अहो, शाळेचं हस्तलिखित काढत होतो!"

"तसं नव्हे. मुलं?"

"मुलं लिहायची की! मी फक्त शुद्धलेखन तपासायचो."

घरी मास्तर एकटेच. मी रकान्यात शून्य लिहिलं. बँकेला अंकाचा एवढा एकच अर्थ कळतो.