ओंकारेश्वराच्या पायरीवरील हिशेब

शनिवारवाड्यापासून निघून पेठेच्या अरुंद गल्ल्यांतून ओंकारेश्वराकडे चालूं लागलें कीं लवकरच मुठेचा काठ लागतो. वाड्याचा पाया इ. स. १७३० सालीं पडला. पुढें थोड्याच वर्षांत हें देऊळ उभें राहिलें. मुठेस खरें पाणी पावसाळ्यांतच असतें, आणि त्याच दिवसांत लष्करच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती चालतात. म्हणून पेठेंत नदीच्या पुराची व शर्यतीच्या भावाची वार्ता एकाच सुमारास येते.

गेल्या श्रावणांत येथील पायरीवर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, एकास चार भाव म्हणजे तो घोडा पांचांतून एकदां जिंकणार, असेंच ना?" गृहस्थ संसारी, घर एकत्र, दोन महिन्यांचा घरखर्च या समजुतीवर गेलेला, आणि वडिलांच्या कानीं अद्याप कांहीं नव्हतें. उपदेश न करतां आम्हीं खडे मांडले.

सोईसाठीं चारच घोडे धरूं. भाव एकास एक, एकास दोन, एकास तीन व एकास चार. त्यांवर लोकांनीं अनुक्रमें ३०, २०, १५ व १२ रुपये लाविले. कोणताही घोडा येवो, मुद्दलासह परत जाणारे रुपये ६०च. जमा मात्र ७७. मधले १७ बुकीचे. भाव हें घोड्याच्या बळाचें निखळ माप असतें, तर जमा व परत सारखींच आलीं असतीं. शिवाय एखाद्या घोड्यावर फार पैसा आला कीं त्याचा भाव उतरतो. घोडा तोच असतो. मुंबईच्या मटक्यांत तर हें उघडेंच दिसे: आंकडे दहा, आणि बरोबर आल्यास रुपयाचे नऊ.

वनपर्वांत ऋतुपर्ण राजा बेहड्याचीं पानें व फळें रथांतूनच मोजतो, आणि नलास अक्षहृदय देऊन त्याचें अश्वहृदय मागतो. दोन विद्या निराळ्या आहेत हें व्यासांनीं केवढ्या नेमकेपणानें दाखविलें आहे! शर्यतींत कौशल्य प्रधान असतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. तें कौशल्य अश्वहृदयाचें. आमचा विद्यार्थी घोड्यांचीं कुळें, वजनें, स्वार, सारें मुखोद्गत सांगे. मोजणी मात्र दुसऱ्याच्या हातीं होती.

"मग बुकी बुडतच नाहीं?" त्यानें विचारलें.

बुडतो, पैसा वरच्या प्रमाणांत न येतां एकाच घोड्यावर लोटला व तोच जिंकला तर. म्हणून तर तो भाव हलवीत राहतो. टोटमध्यें ही धास्तीही नाहीं. तेथें आधीं कपात होते, मग उरलेलें जिंकणाऱ्यांत वांटतात.

त्यानें आपण होऊन पांचवा खडा ठेविला, भाव एकास नऊ धरला आणि त्यावर सहा रुपये मांडले. बेरीज ८३ झाली. परत जाणारे पुन्हां ६०च.