ओकिनावाची हसरी बोंडं

जपान म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सुशी, बुलेट ट्रेन, गुलाबी चेरी ब्लॉसम. तेलाची कढई आणि तिच्यात डुबुक डुबुक तळली जाणारी गोड बोंडं काही येत नाहीत. ती खायची तर टोकियोहून पुन्हा विमानात बसायचं आणि अडीच-तीन तास नैऋत्येला उडायचं. खालचा समुद्र निळ्याचा हिरवा झाला की समजायचं, ओकिनावा आलं.

नाहा हे इथलं मुख्य शहर. एअरपोर्टवरच 'मेन्सोरे' अशी पाटी तुमचं स्वागत करते. जपानीच्या क्लासमध्ये हा शब्द शिकवत नाहीत, कारण तो ओकिनावाच्या स्वतःच्या भाषेतला आहे. तिचं नाव उचिनागुची. १४२९ ते १८७९ अशी साडेचारशे वर्षं इथे ऱ्युक्यू नावाचं राज्य होतं. चीन, जपान, आग्नेय आशिया, सगळीकडे त्यांची जहाजं जायची. ओकिनावा जपानचा प्रांत झाला तो त्यानंतर.

मोनोरेल पकडा आणि माकिशी स्टेशनला उतरा. कोकुसाई-दोरी हा दीड किलोमीटरहून थोडा लांब, टुरिस्टांनी गजबजलेला रस्ता. तिथून छप्पर घातलेल्या गल्ल्यांमध्ये शिरलं की माकिशीचं पब्लिक मार्केट लागतं. जुनी इमारत २०१९ मध्ये बंद झाली, नवी कोरी मार्च २०२३ मध्ये उघडली. खाली निळे-पोपटी मासे आणि डुकराचे अख्खे चेहरे. वर तुम्ही घेतलेला मासा शिजवून देणारी हॉटेलं. आणि या सगळ्या परिसरात जागोजागी लाडवाएवढे, तपकिरी, एका बाजूनं तडकलेले गोळे. हीच ती 'साता आंदागी'.

नावात सगळी रेसिपी आहे. साता म्हणजे साखर, आंदा म्हणजे तेल, आगी म्हणजे तळलेलं. जपानीत हेच शब्द 'सातो', 'आबुरा' आणि 'आगे' असे होतात. बहिणी-बहिणी शोभाव्यात अशा या दोन भाषा, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही.

आणि इथेच गोष्ट थोडी कडू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ओकिनावातल्या शाळांमध्ये घरची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवायचे. तिला 'होगेन फुदा' म्हणत. दुसरं कुणी तसंच बोलताना सापडलं की ती पाटी त्याच्या गळ्यात! परिणाम व्हायचा तोच झाला. आजी-आजोबांची भाषा नातवंडांना जेमतेम समजते. युनेस्कोनं २००९ मध्ये तिला धोक्यातल्या भाषांच्या यादीत टाकलं. ऑफिसात दिवसभर इंग्लिश झाडून घरी आईशी मराठीत बोलणाऱ्या आपल्याला यातलं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे या पदार्थाचं भाषांतर कुणी केलं नाही. टोकियोतही तो याच नावानं विकला जातो. ज्या भाषेपायी पोरांच्या गळ्यात पाट्या अडकल्या, तिचे तीन शब्द आज अख्ख्या जपानच्या तोंडात आहेत. अर्थात तीन शब्दांनी भाषा जगत नाही, हे ओकिनावाही जाणतं. म्हणून २००६ पासून तिथे १८ सप्टेंबर हा दिवस स्थानिक बोलींचा दिवस म्हणून पाळतात.

आता 'साता'बद्दल. १६२३ मध्ये गिमा शिंजो या अधिकाऱ्यानं चीनच्या फुजियान प्रांतात माणसं पाठवून उसापासून साखर करायचं तंत्र शिकून घेतलं. इथली काळी साखर, म्हणजे 'कोकुतो', ही उसाचा रस आटवून केलेली. थोडक्यात काय, आपल्या कोल्हापुरी गुळाची चुलत बहीण! आजही ओकिनावाच्या आठ छोट्या बेटांवर ती बनते.

तेव्हा घरी करून बघायला अडचण नाही. दोन अंडी फेटा. त्यात १०० ग्रॅम साखर किंवा बारीक चिरलेला गूळ विरघळवा आणि एक मोठा चमचा तेल घाला. २०० ग्रॅम मैदा आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात हलक्या हातानं मिसळा. पाणी नाही, दूध नाही. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. हाताला तेल लावून पीठ मुठीत घ्या आणि अंगठा-तर्जनीमधून लिंबाएवढा गोळा पिळून तेलात सोडा.

खरा फंडा तेलाचा आहे. ते १५०-१६० अंशांवरच हवं, म्हणजे भजीच्या तेलापेक्षा थंड. सात-आठ मिनिटं धीर धरा. बाहेरचं कवच आधी कडक होतं, आतलं पीठ फुगतच राहतं आणि शेवटी कवच फोडून बाहेर येतं. गोळा फुलासारखा उमलतो. ओकिनावात म्हणतात, तो हसला! गॅस मोठा केलात तर बाहेरून काळा आणि आतून कच्चा. गुळाचा तर आणखी लवकर करपतो. विणायची सुई किंवा टूथपिक खुपसून बघा, कोरडी आली की काढा. बाहेरून कुरकुरीत, आतून केकसारखी. डब्यात तीन-चार दिवस सहज राहते.

ओकिनावात लग्न ठरलं की ही तळतात. उमललेली साता आंदागी म्हणजे नवरी आणि सोबतचा 'काताहारांबू' हा खारा, चपटा तळणीचा पदार्थ म्हणजे नवरा. कोण गोड आणि कोण खारं, हे तिथेही आधीच ठरलेलं!

तर या रविवारी कढई चढवाच. फक्त मित्रमंडळींसमोर डिश ठेवताना 'जपानी डोनट' म्हणून मोकळे होऊ नका. पूर्ण नाव सांगा, दोनदा सांगावं लागलं तरी चालेल. साता आंदागी.