मुंबईतले दोन हत्ती

सुट्टीत मुंबईला जायचं ठरलं की आधी याद्या होतात. कुणाला समुद्र पाहायचा असतो, कुणाला दुमजली बस, तर कुणाला नटनट्यांचे बंगले. आणि मग मागच्या बाकावरून हळूच एक प्रश्न येतो, "सर, तिथं आपल्याला आत सोडतील का?" आमच्या राहात्याच्या शाळेत हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. दक्षिण मुंबई म्हणजे बड्या लोकांचा भाग, तिथं पेरूच्या बागेतून आलेल्या पोरांचं काय काम, असं वाटतं ना? पालकांनाही वाटतं, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

तर आज आपण एका दिवसाची सहल आखू. पायांत चांगल्या चपला, डब्यात भाकरी-चटणी, पाण्याची बाटली आणि शाळेचं ओळखपत्र एवढं बरोबर घ्या. ओळखपत्र विसरू नका हं, पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते.

पहिलं प्रेक्षणीय स्थळ तर मुंबईच्या कितीतरी आधी लागतं. साईनगर शिर्डीहून मनमाड, नाशिकमार्गे जाणारी गाडी इगतपुरीनंतर थळ घाट उतरते. हा लोहमार्ग १८६५ सालापासून चालू आहे. इथं झोपू नका! घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस दारणेतून गोदावरीला मिळतो, नांदूरमध्यमेश्वरला अडतो आणि कालव्यानं थेट आपल्या शेतापर्यंत येतो. तोच पाऊस पश्चिमेला पडला तर भातसा, तानसा, वैतरणा या नद्यांवरच्या धरणांत साठतो आणि मुंबईच्या नळाला येतो. म्हणजे राहात्याचा पाट आणि मुंबईचा नळ एकाच डोंगराचं पाणी पितात. आहे की नाही गंमत?

गाडीतून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात की लगेच पळत सुटू नका. रस्ता ओलांडून समोर जा आणि मागं वळून पाहा. ही इमारत बांधायला १८७८ मध्ये सुरुवात झाली आणि दहा वर्षं काम चाललं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचा, पण दगडातली पानं, फुलं, मोर, माकडं यांच्या नक्षीकामात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचाही हात होता. विद्यार्थ्यांचा बरं का! आज या इमारतीला जागतिक वारसास्थळाचा मान आहे. तो २००४ साली मिळाला. फाटकाच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलाय. सिंह इंग्लंडचा, वाघ भारताचा. हे सगळं पाहायला एक पैसाही पडत नाही.

तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर हुतात्मा चौक. १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन हे सुंदर कारंजं इथं आहे. पण त्याच्या शेजारच्या स्मारकापुढं जरा जास्त वेळ उभे राहा. मशाल धरलेले दोघे तिथं दिसतील, एक शेतकरी आणि एक कामगार. मुंबई महाराष्ट्रातच राहावी म्हणून झालेल्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. त्यानंतर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. "आपल्याला आत सोडतील का?" याचं पहिलं उत्तर इथं दगडातच उभं आहे.

आता ओव्हल मैदानाकडे वळा. एका बाजूला राजाबाई मनोरा दिसेल, सुमारे ८५ मीटर उंच. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि नाव दिलं आपल्या आईचं. १८७८ साली तो पूर्ण झाला. या आईला दिसत नसे आणि जैन धर्माप्रमाणे तिला सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे, म्हणून वेळ कळावी यासाठी लेकानं टोले देणारं घड्याळ बसवलं, अशी गोष्ट सांगतात. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला पाहा. गोलसर सज्ज्यांची, जहाजासारखी दिसणारी घरं आहेत. एकीकडे एकोणिसाव्या शतकातली दगडी शैली, दुसरीकडे विसाव्या शतकातली आर्ट डेको शैली आणि मध्ये क्रिकेट खेळणारी पोरं! या साऱ्या परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

आणि आता आपला हत्ती!

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुलं झालं. तिकीट काढा, ओळखपत्र दाखवा आणि आत गेल्यावर बेधडक विचारा, "दायमाबादच्या वस्तू कुठं आहेत?" कोल्हारच्या पुलाखालून वाहणारी प्रवरा आपल्या ओळखीची. तीच नदी पुढं श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादजवळून जाते. तिथं १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणताना चार जड वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ. रथात माणूसही उभा. सगळं काशाचं, भरीव ओतलेलं, मिळून ६० किलोहून अधिक वजनाचं! बरेच अभ्यासक त्यांचं वय सुमारे चार हजार वर्षं मानतात, काहींचं मत वेगळं आहे. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. हत्ती, गेंडा आणि रेडा मात्र मुंबईत आहेत.

हत्ती काही फार मोठा नाही, जेमतेम तुमच्या पट्टीएवढा उंच. पण त्याच्यासमोर उभं राहून विचार करा. आपल्या जिल्ह्यातल्या कुणी कारागिरानं मेणाचा हत्ती केला असेल, त्यावर माती लिंपली असेल, मेण वितळवून त्या पोकळीत काशाचा रस ओतला असेल. गेंड्याला आणि रेड्याला तर चाकं आहेत, पोळ्याच्या बैलांसारखी! त्या शेतकऱ्याच्या कुदळीला लागलेली ही धातूची ढेकळं मोडीत गेली असती तर? चार हजार वर्षांचा इतिहास किलोच्या भावानं वितळून गेला असता. म्हणून लक्षात ठेवा, शेतात, विहिरीच्या खोदकामात जुनं काही सापडलं तर ते घासूपुसू नका, विकू तर अजिबात नका. तहसील कचेरीत किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.

संग्रहालयातून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांवर गेटवे ऑफ इंडिया आणि समुद्र. गेटवेची उंची २६ मीटर. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ साली आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली आणि १९२४ साली ती खुली झाली. गंमत पाहा, राजासाठी बांधलेल्या याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी मायदेशी गेली! समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. शेजारचं ताजमहाल हॉटेल १९०३ सालचं, म्हणजे गेटवेपेक्षाही जुनं. तिथं चहा प्यायचा तर खिसा जड हवा, पण बाहेरून घुमट पाहायला आणि वहीत चित्र काढायला कुणी अडवत नाही.

इथूनच घारापुरीच्या लेण्यांना लाँच जातात. एका दिवसात ते जमणार नाही, पण तिथल्या दगडी हत्तीची कथा ऐका. हा हत्ती पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना यारीच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून १९१४ साली जोडले. आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. एक हत्ती आपल्या मातीतून मुंबईत आला, दुसरा परदेशी जाता जाता मुंबईतच राहिला. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी त्यालाही भेटा. फक्त राणीची बाग बुधवारी आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवा.

संध्याकाळ मात्र मरीन ड्राइव्हसाठी राखून ठेवा. गेटवे पूर्वेला, मरीन ड्राइव्ह पश्चिमेला. मुंबईचं हे टोक इतकं अरुंद आहे की एकाच दिवशी सकाळी एका समुद्रातून उगवलेला सूर्य संध्याकाळी चालत जाऊन दुसऱ्या समुद्रात मावळताना पाहता येतो. मागच्या इमारतींमधल्या घरांच्या किमती ऐकल्या तर डोळे पांढरे होतील! पण त्या घरांच्या खिडकीतून जो सूर्यास्त दिसतो, तोच कट्ट्यावर बसून आपल्यालाही दिसतो, अगदी फुकट. त्या कट्ट्यावर हमाल असतात, कॉलेजची मुलं असतात, बंगलेवाले आजोबाही असतात. कट्टा कुणाच्या मालकीचा नाही, म्हणजेच सगळ्यांच्या मालकीचा आहे.

दोन सूचना, आणि या आईबाबांनीही वाचाव्यात. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. कट्ट्याखालच्या काँक्रीटच्या तिकाट्यांवर कधीही उतरू नका, त्यांवर शेवाळ असतं आणि लाट सांगून येत नाही. पावसाळ्यात तर कट्ट्यापासूनही लांबच राहा. दुसरं, भेळेचा कागद आणि रिकामी बाटली पिशवीतच ठेवा. समुद्रात टाकलेलं तो पुढच्या भरतीला किनाऱ्यावर परत आणून टाकतो.

घरी आल्यावर एक काम करा. वहीचं एक पान उभं दुमडा. डावीकडे दिवसभरात तिकीट काढून काय पाहिलं ते लिहा, उजवीकडे फुकट काय पाहिलं ते. कोणती बाजू लांब होते ते मोजा आणि ते पान तुमच्या शेजारच्या त्या मित्राला दाखवा, जो अजून मुंबईला गेलेला नाही.