६४ किलोबाइटची नळी

ईद दोन दिवसांवर होती आणि एका कारखान्याच्या दीडशे कामगारांच्या पगारपावत्या अडकल्या होत्या. पावत्यांशिवाय पाकिटं वाटायची नाहीत, असा तिथला नियम. प्रोग्रॅम माझा. वर्षभर बिनबोभाट चाललेला. त्या रात्री मात्र सुरू व्हायचा आणि गप्प बसायचा. एरर नाही, काही नाही.

त्याचे दोन भाग होते. एक पावत्यांचा मजकूर तयार करायचा, दुसरा तो छापायला पाठवायचा. मधे पाइप. पाइप म्हणजे नळी असं आपण म्हणतो, पण खरं तर तो हौद आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये तो ४,०९६ बाइटच्या १६ पानांचा, म्हणजे ६५,५३६ बाइटचा असतो. भरला की कर्नल लिहिणाऱ्याला झोपवतो, कोणी उपसलं की उठवतो. माझा छापणारा भाग आधी लिहिणारा संपायची वाट बघायचा आणि मग वाचायला घ्यायचा. चूक पहिल्या दिवसापासून होती. मजकूर ४० हजार बाइटचा होता, हौदात मावायचा, म्हणून झाकली गेली.

मग त्याच महिन्यात काय बदललं? सहेरीला उठलो तेव्हा आठवलं. कामगारांच्या मागणीवरून मीच पावत्या इंग्रजीतून मराठीत केल्या होत्या. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन, काना-मात्रेलासुद्धा. रोमनमधली 'शबाना' ७ बाइटची, आपली १५ची. हौद भरला. लिहिणारा जागेसाठी थांबला, वाचणारा लिहिणाऱ्यासाठी. दोघंही शहाणे, पहिले आप!

घाईत मी एक ओळ टाकून हौद १ मेगाबाइटचा करून घेतला. २०१० पासून लिनक्समध्ये तशी सोय आहे. साध्या वापरकर्त्याला इथवरच जाता येतं. मला वाटतं, ही मर्यादा कंजूषपणाची नाही. पाइपमधली पानं कर्नलच्या मेमरीत बसतात, ती डिस्कवर ढकलता येत नाहीत. कोणी हजारो पाइप उघडून भरून ठेवले तर सगळं मशीन बसेल. म्हणून पुढे प्रत्येक वापरकर्त्याच्या पाइपांचा एकत्र हिशेबही ठेवू लागले: १६,३८४ पानं, म्हणजे ६४ मेगाबाइट. त्यापलीकडे नवा पाइप मिळतो तो एक-दोन पानांचा.

पावत्या सकाळी गेल्या. हौद वाढवणं हा इलाज नव्हता. कामगार वाढले असते तर तोही भरला असता. ईदनंतर लिहिणं चालू असतानाच वाचायची सोय केली आणि ती ओळ काढून टाकली.

पाकिटं वाटताना एका आपांनी विचारलं होतं, "यंदा उशीर का झाला?"

म्हटलं, "आपा, तुमचं नाव मराठीत मोठं झालं."

त्या पावतीकडे बघत म्हणाल्या, "असू दे. पण पुढच्या महिन्यात वेळेवर द्या."