वहिनींचा सवाल

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एस.टी. गाड्या वाहून गेल्या. जून २०१७ मध्ये नवा पूल झाला. जुने पूल बदललेच पाहिजेत.

पण आमच्या गावाजवळ महामार्गाचा पूल बदलताना भराव उंच आणि मोऱ्या अरुंद ठरल्या. पर्यावरण अहवालावर जनसुनावणी झाली. शेतीचा पदवीधर असून मी गप्प बसलो. पहिल्याच पावसाळ्यात पाणी तुंबून थोरल्या भावाचे भात कुजले. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला तर कळत होतं ना?"

पुराचे पाणी कुठवर चढते, हे आपल्यालाच ठाऊक असते. सुनावणीत बोला, मुदतीत लेखी द्या, पोच घ्या.