रिकाम्या जिप्सीचे पाटे

जिप्सीत पहिल्यांदा बसलेला माणूस पहिल्याच खड्ड्यात विचारतो, "हिला सस्पेन्शन आहे का?" आहे, चारही चाकांना कमानपाटे आहेत आणि चांगले दणकट आहेत. मारुतीने १९८५ साली ही गाडी आणली आणि पुढे ती लष्कराचीच म्हणून ओळखली गेली. माणसं आणि सामान भरून कुठेही जाणं हे तिचं काम. आमची जिप्सी मात्र बहुतेक वेळा दोन माणसं आणि पाण्याचा एक कॅन घेऊन फिरते. साधारण टनभराची गाडी आणि मागचे पाटे ओझ्याच्या हिशोबाचे. ते दबणार कधी?

त्रास पाठीपुरता असता तर सोसला असता. पण गगनबावड्याकडच्या कच्च्या वाटांवर, पावसाने कोरलेल्या चरावर मागचं एक चाक आलं की ते हवेतच राहतं. गाडीला डिफरन्शियल लॉक नाही. अधांतरी चाक गरगरतं आणि जमिनीवरचं गप्प उभं राहतं. पुढेही एक चाक असंच सुटलं की फोर-व्हील असून गाडी जागची हलत नाही.

सल्ले भरपूर मिळाले. बहुतेकांचा सूर एकच : गाडी उंच करा. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घ्या, पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी शॅकल लांब लावा. शॅकल जेवढी वाढते त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि वर स्टिअरिंगची भूमिती बिघडते, हे सांगणारा कोणी भेटला नाही. उंच गाडी फोटोत छान दिसते, एवढं मान्य.

कोल्हापुरातल्या आमच्या पाटेवाल्या मिस्त्रींनी गाडीखाली न वाकताच सांगितलं, "सायेब, आदी काट्यावर घालून आणा. जेवढं सामान नेताय तेवढं सगळं भरून." मग गाडी वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी. वजाबाकी केली की मागचा भार कळतो. तो आकडा बघून मिस्त्री हसले. "पाटं मालाचं, आन् गाडी रिकामी पळीवताय."

मागचे पाटे उतरवले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. गंजाने ते एकमेकांना धरून बसले होते. प्रत्येक पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात बोट फिरवलं तर जाणवेल एवढी खाच पाडली होती. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान वाकणार. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने गंज काढला, टोकं घासून गोल केली आणि मध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरलं. मग खालच्या बाजूचा एक पाटा बाजूला ठेवला. मुख्य पाट्याखालच्या दुसऱ्याला हात लावला नाही. वरचा तुटला तर अ‍ॅक्सल सांभाळणारा तोच.

पातळ पाट्यांचा नवा संच का नको, असं मी विचारलं. लागला तर तोही करू म्हणाले, पण जाडीच्या बाबतीत ते फार जपून होते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून सहा मिलिमीटरच्या जागी सात घातला, तर तो दीडपटीहून जास्त कडक होतो. डोळ्याला तो मिलिमीटर दिसतही नाही.

पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट त्यांनी गाडी जमिनीवर टेकवल्यावरच आवळले. जॅकवर असताना आवळले असते तर रबर कायम पिळलेलं राहिलं असतं. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट थोडी गाडी चालवून पुन्हा आवळून घ्या, अशी ताकीदही दिली.

मग परीक्षा म्हणून मागचं एक चाक दगडांच्या ढिगावर चढवलं आणि दुसऱ्याखाली वर्तमानपत्र ठेवलं. ओढलं तर फाटून हातात आलं, चाकाखालचा तुकडा तिथेच राहिला. म्हणजे ते चाक आता अधांतरी नव्हतं.

मात्र चार माणसं आणि तंबू घेऊन निघालो की गतिरोधकावर मागे अ‍ॅक्सल रबरी ठोकळ्यावर आपटतो. त्यामुळे काढलेला पाटा तेल लावून माळ्यावर ठेवला आहे. लांबच्या सहलीआधी तो परत बसवून घेतो. मिस्त्री दर वेळी मजुरी घेतात, आणि त्यांचं म्हणणं आहे की मी लहान तंबू घ्यावा.